कॉन्ट्रास्टशिवाय पायाच्या धमन्यांचा एमआरआय: अहवालातील ‘दिसत नाही’ म्हणजे ‘बंद आहे’ असेच समजावे का?

प्रश्न: रुग्णाची मुलगी, सोलापूर

नमस्कार. माझ्या वडिलांचे वय ६८ आहे. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत यंत्रमागावर त्यांनी ३१ वर्षे उभ्याने काम केले. मधुमेह १९ वर्षांपासून आहे आणि गेल्या ३ वर्षांत मूत्रपिंडाचे काम बरेच मंदावले आहे. सध्या क्रिएटिनिन (मूत्रपिंड मंदावले की रक्तात वाढणारा घटक) ३.२ असून ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज, २० आहे. डायलिसिस सुरू झालेले नाही. उजव्या पायाच्या अंगठ्याजवळ ५ आठवड्यांपूर्वी चप्पल घासून झालेली लहान जखम अजून भरलेली नाही. चालताना पोटरी भरून येण्याचा त्रास त्याच्याही आधीपासूनचा आहे.

डॉप्लरमध्ये, म्हणजे रक्तप्रवाहाच्या सोनोग्राफीत, मांडीपर्यंतचा प्रवाह ठीक आढळला, परंतु गुडघ्याखाली तो क्षीण आहे आणि धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचल्यामुळे पुढचे नीट सांगता येत नाही, असे लिहून आले. घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाचे गुणोत्तर १.४६ आले. रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकांचे म्हणणे असे की, फुगा घालून धमनी उघडायची असेल तर आधी संपूर्ण नकाशा हातात हवा. मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी आयोडीनचे कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या चित्रात उठून दिसाव्यात म्हणून टोचायचे औषध) शक्यतो टाळावे असे सांगितले. म्हणून आम्ही एका केंद्रात इंजेक्शन न देता होणारी एमआर अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचा एमआरआय, करून घेतली.

अहवालात पोटरीतल्या तीन मुख्य धमन्यांबद्दल लिहिले आहे की पेरोनियल धमनी बारीक पण सलग आहे, अँटिरियर टिबियल धमनीत सुरुवातीलाच तीव्र अरुंदपणा आहे आणि पोस्टिरियर टिबियल धमनी पोटरीच्या मध्यापासून खाली ‘दिसत नाही’. तपासणी कोणत्या पद्धतीने केली याचा अहवालात उल्लेख नाही. घरात या दोन शब्दांनी धास्ती भरली आहे. नातेवाईक म्हणतात, रक्तच जात नाही तर पाय कसा वाचणार. वडील काही बोलत नाहीत, पण रात्री उठून पायाकडे पाहत बसतात.

रक्तात काहीही न सोडता रक्त दिसते तरी कसे, ‘दिसत नाही’ याचा अर्थ ‘बंद आहे’ असाच घ्यायचा का, आणि अशा मूत्रपिंडावर एमआरआयसाठी टोचतात ते गॅडोलिनियमचे कॉन्ट्रास्ट खरोखरच वर्ज्य आहे का, हे मला समजून घ्यायचे आहे.

उत्तर: क्ष-किरणतज्ज्ञ, सोलापूर

ताई, तंत्राचे बोलण्यापूर्वी एक गोष्ट सांगणे भाग आहे. बोट काळे पडू लागले, जखमेतून पू किंवा दुर्गंधी आली, पाय लाल होऊन सुजला किंवा ताप आला, तर कोणत्याही चित्राची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मधुमेही पायात जंतुसंसर्ग फार वेगाने वर चढतो आणि वेदना बोथट झालेल्या असल्याने रुग्णाला त्याची पुरेशी जाणीव होत नाही.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. इंजेक्शनशिवाय पायाच्या धमन्या पाहण्याची सर्वांत जुनी आणि अजूनही प्रचलित पद्धत ‘टाइम ऑफ फ्लाइट’ या नावाने ओळखली जाते. आपल्या वडिलांना परिचित असलेल्या कामावरून सांगतो. एका चौकटीत ताणून बसवलेल्या कापडावर काही क्षणांच्या अंतराने पुन्हा पुन्हा ब्लीचिंगचा फवारा मारला, तर चौकटीतले कापड फिके पडत जाईल. त्याच चौकटीतून एक रंगीत सूत सतत ओढले जात असेल, तर प्रत्येक फवाऱ्याच्या वेळी आत नवा, न विटलेला तुकडा असेल आणि फिक्या कापडावर तो उठून दिसेल. एमआरआयमध्ये चौकट म्हणजे पायाचा आडवा काप आणि फवारा म्हणजे रेडिओलहरींचा झटका. स्थिर स्नायू आणि चरबी यांच्या चुंबकीय संदेशाला दोन झटक्यांच्या मध्ये सावरायला वेळ मिळत नाही, म्हणून ते मंद होतात; वरून आलेले ताजे रक्त मात्र झळकते. शिरांमधले रक्त खालून वर येते, म्हणून कापाच्या खालच्या बाजूला एक वेगळा पट्टा आखून ते आधीच विटवून टाकतात. त्यामुळे चित्रात केवळ धमन्या उरतात.

मात्र ही युक्ती जिच्यावर उभी आहे, तीच तिची मर्यादा आहे: सूत चौकटीत रेंगाळले तर तेही विटते. काप ३ मिलिमीटर जाडीचा आणि दोन झटक्यांतले अंतर ३० मिलिसेकंद धरले, तर कापातले रक्त प्रत्येक वेळी पूर्ण बदलण्यासाठी त्याचा वेग सेकंदाला १० सेंटिमीटर असावा लागतो. निरोगी धमनीत हे सहज घडते. वर अडथळा असलेल्या, आजूबाजूच्या बारीक फाट्यांतून कसेबसे भरणाऱ्या पोटरीच्या धमनीत वेग त्याहून पुष्कळ कमी असू शकतो. रक्त तेथे आहे, पुढेही सरकते आहे, पण चित्रात काळोख दिसतो. त्याहून फसवी स्थिती अशी की मुख्य मार्ग बंद पडल्यावर काही भाग घोट्याकडून उलट दिशेने भरतो. तेव्हा धमनीतले रक्तही खालून वर येते आणि शिरांसाठी आखलेला पट्टा त्यालाही पुसून टाकतो.

आपल्या अहवालातील ‘सुरुवातीलाच तीव्र अरुंदपणा’ या शब्दांवर मी विशेष थांबलो. अँटिरियर टिबियल धमनी गुडघ्याखाली मुख्य धमनीपासून फुटताच आडवी वळून दोन हाडांमधल्या पडद्यातून पुढच्या बाजूला जाते. त्या वळणावर रक्त कापाला छेदून न जाता कापाच्या आतूनच आडवे वाहते, अनेक झटके खाते आणि विटते. अशा जागी नसलेला अरुंदपणा दिसणे हा या पद्धतीचा सुपरिचित दोष आहे. आपल्या वडिलांच्या बाबतीत तेच घडले आहे असे मी चित्रे न पाहता म्हणणार नाही. पण शंका घेण्यास ही जागा अगदी योग्य आहे. खरा अरुंदपणा असला तरी त्यापुढे रक्ताचे भोवरे होतात, संदेश विखुरतो आणि अडथळा आहे त्याहून मोठा भासतो.

याच अडचणींवर उपाय म्हणून रॉबर्ट एडलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ‘क्विस’ नावाची पद्धत मांडली. तिच्यात हृदयाच्या ठोक्याशी मेळ घातला जातो. ठोका सुरू झाल्यावर कापातला सारा संदेश एकदाच पुसतात, नंतर साधारण पाव सेकंद यंत्र गप्प राहते, त्या अवधीत हृदयाने ढकललेले ताजे रक्त कापात शिरते, आणि प्रवाह शांत झाला की संपूर्ण काप एका दमात टिपतात. पुन्हा पुन्हा झटके बसत नसल्यामुळे सावकाश चालणाऱ्या रक्तालाही कापात पोहोचण्यास अवधी मिळतो. एका ठोक्याला एक काप, या हिशेबाने कमरेपासून पावलापर्यंतचे सुमारे ४०० काप प्रत्यक्ष टिपायला मिनिटाला ७० ठोके असताना सहा मिनिटांच्या आसपास लागतात; मधली मांडामांड धरली तरी रुग्णाला फार वेळ आत राहावे लागत नाही. ठोके फार अनियमित असतील तर काही काप बिघडतात, आणि उलट्या दिशेने भरणाऱ्या धमनीचा प्रश्न येथेही पूर्णपणे सुटत नाही, हे मात्र लक्षात ठेवावे.

एमआरआयची एक मोठी जमेची बाजूही सांगतो. भिंतीतले कॅल्शियम सीटी स्कॅनमध्ये इतके चमकते की आतली पोकळी झाकोळून जाते. मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार एकत्र असणाऱ्यांमध्ये ही अडचण नेहमीची आहे. एमआरआयमध्ये कॅल्शियमला संदेशच नसतो, म्हणून ते मध्ये येत नाही. घोट्याचे गुणोत्तर १.४६ येणे हेही त्याच कॅल्शियमचे लक्षण आहे. १.४ च्या वरचा आकडा चांगल्या प्रवाहाचा पुरावा नसून, कडक झालेली धमनी रक्तदाब मोजण्याच्या पट्ट्याने दाबलीच गेली नाही एवढेच त्यातून कळते. त्यासाठी अंगठ्याचा रक्तदाब स्वतंत्रपणे मोजून घ्यावा, कारण बोटांतल्या धमन्या सहसा इतक्या कडक होत नाहीत.

तेव्हा केंद्राकडून दोन गोष्टी मागून घ्याव्यात: तपासणी कोणत्या पद्धतीने झाली याची लेखी नोंद, आणि छापील फिल्मऐवजी सर्व मूळ कापांची सीडी. फिल्मवर छापलेले धमन्यांचे झाड हे संगणकाने कापांतले उजळ ठिपके जोडून तयार केलेले असते आणि त्यात मंद ठिपके गळून पडतात. मूळ काप एकेक करून पाहिले, तर फिल्मवर नसलेली धमनी पुष्कळदा सापडते.

उत्तर: भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, बार्शी

वरील विवेचनात वेग मोजणाऱ्या पद्धतीची भर घालू इच्छितो, कारण उलट्या प्रवाहाचा जो मुद्दा आला आहे त्याचे उत्तर तिच्यात आहे.

एमआरआय ज्या तत्त्वावर चालतो त्या चुंबकीय अनुस्पंदनाला रक्ताचे वाहणे चित्राच्याही आधी उमगले होते, ही गोष्ट मला नेहमीच विलक्षण वाटत आली आहे. लॉटरबर यांनी या तंत्राने पहिले चित्र १९७३ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्यासाठी त्यांना मॅन्सफील्ड यांच्यासह २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या चित्राच्या १४ वर्षे आधी, १९५९ मध्ये, सिंगर यांनी उंदराच्या शेपटीतल्या रक्तप्रवाहाचा वेग याच तत्त्वाने मोजून दाखवला होता.

दीड टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) यंत्रात हायड्रोजनची अणुकेंद्रे सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख वेळा भोवऱ्याच्या आसाप्रमाणे घुमतात. चुंबकीय क्षेत्र एका दिशेने क्षणभर किंचित चढते ठेवले आणि लगेच तेवढाच उलटा उतार दिला, तर स्थिर कणाच्या घुमण्यात पडलेला फरक पूर्ण भरून निघतो. कण त्या दिशेने सरकला असेल तर मात्र काही कोन शिल्लक राहतो आणि तो वेगाच्या प्रमाणात असतो. या पद्धतीला ‘फेज कॉन्ट्रास्ट’ म्हणतात. नावात कॉन्ट्रास्ट असले तरी इंजेक्शनशी तिचा संबंध नाही. रक्त वर चालले आहे की खाली, हे कोनाच्या चिन्हावरून कळते; त्यामुळे उलट भरणारी धमनी पुसली जात नाही, उलट वेगळ्या छटेत उठून दिसते.

येथे तंत्रज्ञाने वेगाची कमाल मर्यादा आधी ठरवून द्यावी लागते आणि सारी गोम त्यातच आहे. मर्यादा सेकंदाला १०० सेंटिमीटर ठेवली म्हणजे त्या वेगाला कोन १८० अंश येतो. प्रत्यक्षात रक्त १२० ने धावत असेल तर काटा पलीकडे उलटतो आणि यंत्र उणे ८० दाखवते, म्हणजे पुढे जाणारे रक्त मागे जाताना दिसते. याउलट वेग ४ असेल तर कोन जेमतेम ७ अंशांचा येतो आणि तो गोंगाटात बुडून जातो. पोटरीतल्या मंद प्रवाहासाठी मर्यादा खाली आणली पाहिजे. मान किंवा मेंदू यांच्यासाठी ठरवून ठेवलेली मांडणी जशीच्या तशी पायाला लावली, तर येथेही ‘दिसत नाही’ असाच शेरा मिळेल.

उत्तर: रुग्णाचा मुलगा, पंढरपूर

ताई, माझ्या आईच्या ओटीपोटातल्या धमनीत ४ वर्षांपूर्वी स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी धातूची जाळीदार नळी, बसवला होता. मागच्या वर्षी तिची अशीच इंजेक्शनशिवाय तपासणी झाली आणि ‘२ इंच लांबीचा भाग पूर्ण बंद’ असा अहवाल हाती आला. स्टेंटबद्दल त्या अर्जात आम्ही काहीच लिहिले नव्हते, ही चूक आमचीच होती. डॉक्टरांनी डॉप्लर करून पाहिले तेव्हा त्याच भागातून रक्त व्यवस्थित जात होते. धातूमुळे आजूबाजूचे चुंबकीय क्षेत्र विस्कटते आणि तेवढी जागा काळी येते, असे त्यांनी आम्हाला सांगितले. म्हणून पुन्हा तपासणीला जाताना स्टेंट, हाडातील सळई, गुडघ्याचा सांधा, पेसमेकर, जे काही शरीरात असेल ते कागदपत्रांसह आधी सांगा. पेसमेकर असेल तर तो एमआरआयला चालणारा आहे की नाही याचे कार्ड पाहिल्याशिवाय कोणालाही आत जाऊ देऊ नये.

आणखी एक. पाय अजिबात न हलवता पडून राहणे जखमेच्या ठणक्यामुळे आईला जमत नव्हते. दुसऱ्या वेळी तंत्रज्ञाने पोटऱ्यांखाली उशा देऊन पाय सैल बांधले आणि वेदनेची गोळी अर्धा तास आधी द्यायला सांगितले, तेव्हा चित्रे कितीतरी स्वच्छ आली. आपल्या वडिलांना मात्र गोळी मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना विचारूनच द्या, कारण नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांपैकी अनेक मूत्रपिंडाला घातक असतात.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. केंद्रातून नोंद मिळाली. पद्धत टाइम ऑफ फ्लाइटच होती आणि काप ३ मिलिमीटरचे होते. वडिलांच्या शरीरात धातूची कोणतीही वस्तू नाही. अंगठ्याचा रक्तदाब ३८ आला. पुण्यात ठोक्याशी मेळ घालणारी पद्धत असलेले यंत्र आहे असे शल्यचिकित्सकांनी सांगितले आहे. परंतु एका परिचितांचे म्हणणे असे की एवढा प्रवास करण्यापेक्षा येथेच गॅडोलिनियम देऊन तपासणी करून टाकावी, तर दुसरे सांगतात की त्याने कातडी दगडासारखी होते. यांत खरे कोणते?

उत्तर: क्ष-किरणतज्ज्ञ, सोलापूर

ताई, दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, मात्र ते वेगवेगळ्या काळातील आणि वेगवेगळ्या औषधांबद्दलचे आहे. गॅडोलिनियम सुटे असताना विषारी असते, म्हणून ते एका रेणूच्या पकडीत बांधून देतात. जुन्या काही औषधांत ही पकड दोरीच्या गाठीसारखी उघडी होती. मूत्रपिंड मंद असले की औषध शरीरात दीर्घकाळ राहते, गाठ सुटते, आणि त्यातून त्वचा व सांधे कडक करणारा गंभीर आजार काही रुग्णांना झाला. हा संबंध २००६ मध्ये उघड झाला आणि २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी या औषधांच्या वेष्टनावर सर्वांत कडक इशारा छापण्यास सांगितले. आपल्या परिचितांची भीती तेथून आलेली आहे आणि ती निराधार नाही.

त्यानंतर पिंजऱ्यासारखी बंद पकड असलेली औषधे प्रचारात आली. गॅडोब्युट्रॉल आणि गॅडोटेरेट ही त्यांतली नेहमी वापरली जाणारी नावे. मूत्रपिंडाचा विकार चौथ्या किंवा पाचव्या टप्प्यात असताना अशी अधिक सुरक्षित गटातील औषधे मिळालेल्या ४,९३१ रुग्णांची माहिती २०२० मध्ये एकत्रितपणे तपासण्यात आली, तेव्हा त्या आजाराचा एकही रुग्ण आढळला नाही. आपल्या वडिलांचा ईजीएफआर २० म्हणजे चौथा टप्पा. म्हणून ‘कदापि नाही’ हे आजचे उत्तर राहिलेले नाही. निर्णय घेण्यापूर्वी औषधाचे नेमके नाव विचारावे, मूत्रपिंडाच्या डॉक्टरांची संमती घ्यावी आणि मात्रा एकदाच, आवश्यक तेवढीच द्यावी.

तरीही माझे वैयक्तिक मत पुण्याच्या बाजूने आहे. इंजेक्शनशिवाय उत्तर मिळण्याची चांगली शक्यता असताना शरीरात काही सोडू नये, हे एक कारण झाले. दुसरे असे की गुडघ्याखाली गॅडोलिनियमची तपासणीही निर्दोष नसते; जखम आणि सूज असलेल्या पायात औषध शिरांमध्ये लवकर उतरते आणि धमन्या त्यांच्या गर्दीत हरवतात. अंगठ्याचा दाब ३८ आहे, म्हणजे जखम आपोआप भरण्याइतका पुरवठा नाही. पण एवढा दाब मोजता आला, त्याअर्थी रक्त बोटापर्यंत पोहोचते आहे. त्यामुळे जावेच, परंतु याच आठवड्यात जावे.

पुढे फुगा घालण्याची वेळ आली, तर आयोडीनऐवजी कार्बन डायऑक्साइड वायूने अँजिओग्राफी करता येते का, हे शल्यचिकित्सकांना विचारावे. तो वायू रक्तात विरघळून श्वासावाटे बाहेर पडतो आणि मूत्रपिंडावर भार टाकत नाही. तो छातीच्या पडद्याखालच्या धमन्यांसाठीच वापरतात, म्हणून पायाला चालतो. अगदी पावलाजवळ त्याचे चित्र अस्पष्ट येते. तेवढ्यासाठी शेवटी थोडे आयोडीन लागू शकते.

प्रश्नकर्ती, १२ दिवसांनंतर

पुण्याची तपासणी झाली. अँटिरियर टिबियल धमनीच्या सुरुवातीला अरुंदपणा नाही, तो भास होता. मात्र घोट्याच्या वर ४ सेंटिमीटरचा भाग खरोखरच बंद आहे, आणि तो आधीच्या अहवालात नव्हता. ‘दिसत नाही’ असे लिहिलेली पोस्टिरियर टिबियल धमनी पोटरीच्या मध्यावर थोडी तुटते आणि तेथून पुढे तळव्यापर्यंत बारीक, पण उघडी आहे. शल्यचिकित्सकांनी तोच मार्ग निवडला आहे. बहुतेक काम वायूवर करून आयोडीन अगदी थोडे वापरायचे असे मूत्रपिंडाच्या डॉक्टरांशी बोलून ठरले आहे. शस्त्रक्रिया सोमवारी आहे. चित्रातली ती बारीक रेघ डॉक्टरांनी वडिलांना पडद्यावर दाखवली, तेव्हा त्यांनी चष्मा लावून ती वरपासून खालपर्यंत बोटाने गिरवली आणि पुन्हा एकदा दाखवायला सांगितली.